हिरड्यांचा रंग

काशीच्या जुन्या वस्तीत मोटार घरापर्यंत येत नाही. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागातल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या घरांपर्यंत तर नाहीच. नाना फडणविसांच्या वाड्याकडून मोठ्या रस्त्याला लागायचं तर अरुंद गल्ल्या, पायऱ्या, मध्येच ठाण मांडून बसलेला सांड, हे सगळं पार करावं लागतं. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची पदवी घेऊन मी लग्नानंतर इथे आले तेव्हा जो तो मला सांगायचा, "इथे आजारी जनावर वेळेवर डॉक्टरपर्यंत पोचणं कठीण, गल्ल्या बघा ना." म्हणून दवाखाना मैदागिनजवळ थाटला, तिथवर टोटो, म्हणजे ई-रिक्षा, येते. आता आयुष्याचा मोठा भाग कुत्र्या-मांजरांच्या उपचारात गेल्यावर मी खात्रीने सांगते, गल्लीत फार तर पंधरा-वीस मिनिटं जातात. खरा वेळ जातो तो घरात.

आणि तो बेपर्वाईने जात नाही. माझ्याकडे येणारी कित्येक माणसं स्वतःच्या औषधात काटकसर करून कुत्र्याचं इंजेक्शन आणणारी आहेत. कालभैरवाच्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांत तर कुत्र्याला हाड् म्हणतानाही लोक बेताने म्हणतात. भैरवाचं वाहन ते. उशीर होतो तो मायेपोटीच. जनावर गप्प झालं की घरातले त्याला माणसाची कारणं चिकटवतात. मुलगा हॉस्टेलला गेला म्हणून जेवत नाही. नवी सून आली म्हणून रुसलाय. उकाडा आहे, नजर लागली, कालचं मटण जड झालं. दुखणं लपवणं हा मुळात जनावराचा स्वभाव. रानात जे लंगडतं ते आधी मारलं जातं. पलंगाखाली गोधडीवर झोपणाऱ्या मांजरातही तो स्वभाव पुरता शाबूत आहे.

याचं सगळ्यात क्लेशदायक उदाहरण म्हणजे लघवी तुंबलेला बोका. दर हिवाळ्यात असे बोके येतात आणि बहुतेक वेळा घरचे म्हणतात, "कब्ज है, डॉक्टर साहिबा." बोका वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कण्हतो, उठतो, पुन्हा जातो. बघणाऱ्याला वाटतं, शी होत नाही. मग दुधातून तूप, इसबगोल, एरंडेल सुरू होतं. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार बारीक असतो. तिथे बारीक खडे किंवा चिकट द्रव्याची गुठळी अडकली की लघवी थेंबभरही उतरत नाही. मूत्राशय तुडुंब भरतं, मूत्रपिंडांचं काम थांबतं आणि रक्तातलं पोटॅशियम चढत जातं. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. दवाखान्यात आलेल्या निरोगी मांजराचं हृदय मिनिटाला दीडशे ते दोनशे वेळा धडधडतं. तुंबलेल्या बोक्याचे ठोके शंभराच्या खाली घसरलेले मी मोजले आहेत.

एकदा सोनारपुऱ्यातून एक गृहस्थ असाच बोका शालीत गुंडाळून घेऊन आले. दोन दिवसांचं 'कब्ज'. मी पोटाखाली हात घातला तर मागच्या पायांच्या पुढे मोसंबीएवढी टणक गाठ हाताला लागली. हेच मूत्राशय. लघवीच्या जागेचं टोक चाटून चाटून लालभडक झालं होतं. अंग गार. आधी हृदय सांभाळायला शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, सलाईन, मग अगदी बारीक नळी. नळीतून पहिल्यांदा रेतीचा गाळ आला, मग लालसर लघवी, आणि ती येतच राहिली. ते गृहस्थ कोपऱ्यात उभे राहून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी तर त्याला ड्रॉपरने पाणीसुद्धा पाजत होतो." मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. दोन दिवस त्यांनी जिवापाड केलं होतं, फक्त ते उलट दिशेने गेलं. तेव्हापासून मी मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला सांगते, बोका सारखा ट्रेमध्ये जातोय आणि वाळू कोरडी आहे, तर ते शीचं की लघवीचं हे घरी ठरवत बसू नका. टोपलीत घाला आणि निघा.

घरोघर मी आणखी एक आग्रह धरते: जनावर ठणठणीत असताना त्याचा ओठ उचलून हिरड्या बघून ठेवा. गुलाबी, ओलसर हिरडी बोटाने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हे रोजचं चित्र डोळ्यांत बसलेलं असलं की बिघाड लगेच कळतो. पांढुरकी हिरडी म्हणजे आत कुठे तरी रक्त जातंय किंवा रक्ताभिसरण कोसळतंय. निळसर म्हणजे प्राणवायू कमी पडतोय. विटकरी लाल हिरडी उष्माघातात दिसते. पिवळी म्हणजे कावीळ, आणि आपल्याकडे तिच्यामागे पुष्कळदा गोचिडांमुळे होणारा बॅबेसियाचा ताप असतो. आपल्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्याच असतात. त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.

चॉकलेटी हिरडी मी पहिल्यांदा पाहिली ती बंगाली टोल्यातल्या एका मांजरीची. अंग गरम लागलं म्हणून घरातल्या मुलाने तिला पॅरासिटामॉलची पाव गोळी दिली होती. आपल्या घरात तापावर सगळ्यात निर्धोक मानली जाणारी गोळी ती. पण मांजराच्या यकृताला ती निकामी करता येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहण्याचं सोडून देतं, रक्त चॉकलेटी होतं, तोंड आणि पंजे सुजतात. 500 मिलिग्रॅमच्या एका गोळीत मांजराचा जीव जाऊ शकतो. तिचा उतारा ॲसिटिलसिस्टीन, आणि तो माणसांच्या औषधांत मिळतो. त्या रात्री मुलाच्या वडिलांनी लंका भागातली, बनारस हिंदू विद्यापीठाच्या फाटकासमोरची औषधांची दुकानं पालथी घालून तो आणला. मांजरी वाचली, कारण मुलाने गोळीचं पाकीट खिशात घालून सोबत आणलं होतं आणि आल्या आल्या मला दाखवलं होतं. वडिलांसमोर हे कबूल करायला त्याला किती धैर्य लागलं असेल ते मला त्याच्या थरथरणाऱ्या हातांवरून कळत होतं.

खरं सांगणं ही प्राणी वाचवण्यातली फार मोठी गोष्ट आहे. बनारसमध्ये याची कसोटी महाशिवरात्रीपासून होळीपर्यंत लागते. भांग इथे सरकारमान्य दुकानात मिळते, ठंडाईत पडते, बर्फीत पडते, आणि उरलेलं भांडं अंगणात ठेवलं की कुत्रा ते चाटतो. मग तो झोकांड्या खात येतो, टाळी वाजवली की दचकतो, उभ्या उभ्या लघवी ठिबकते, अंग गार पडतं, नाडी मंद होते. घरचे ठामपणे सांगतात, "किसी ने जहर दे दिया." शेजाऱ्याचं नावही घेतात. त्या सांगण्यावर विसंबून मी विषावरची औषधं सुरू केली तर कुत्र्याला नाहक त्रास. खरं तर भांग चढलेला कुत्रा ऊब, सलाईन आणि अंधारी शांत खोली एवढ्यावर बहुधा दिवसाभरात सावरतो. जेवढं त्याने जास्त खाल्लं तेवढी जास्त काळजी, हे खरं. म्हणून मी आता 'कुणी दिलं' हे विचारतच नाही. घरात काय काय उघडं होतं एवढंच विचारते, आणि तेही शक्यतो घरातल्या सगळ्यात लहान माणसाला.

उंदराच्या औषधाबाबत मात्र असं निभावत नाही. त्यातला एक प्रकार रक्त गोठू देत नाही, आणि त्याची लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात. तोवर घरचे निश्चिंत असतात, 'खाल्लं पण पचवलं' म्हणतात. पाकीट हाती असेल तर व्हिटॅमिन के 1 त्याच दिवशी सुरू करता येतं. दुसरा प्रकार झिंक फॉस्फाइडचा. त्यातून पोटात विषारी वायू सुटतो आणि कुत्र्याच्या उलटीजवळ वाकलेल्या माणसालाही तो बाधतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय तर मी हात जोडून थांबवते. त्या मिठानेच कुत्रे दगावतात.

मदनपुऱ्यातल्या एका विणकराच्या घरची मांजरी मला नेहमी आठवते. करघ्याजवळच वाढलेली, दिवसभर धाग्याच्या नरीशी खेळायची. दोन दिवस उलट्या, खाणं बंद. पोट चाचपलं तर आतडी एका जागी गोळा झाल्यासारखी वाटली. मी तिच्या जबड्याखालून अंगठ्याने वर दाबलं, जीभ उचलली गेली, आणि मुळाशी एक लाल रेघ दिसली. रेशमाचा धागा जिभेखाली अडकलेला आणि उरलेला सगळा पोटात उतरलेला. घरातल्या म्हाताऱ्या कारागिराने पटकन हात पुढे केला. धागा ओढून काढण्यात त्यांची हयात गेली होती. मी त्यांचा हात धरला. असा धागा आतड्यांना चुणीसारखा गोळा करत नेतो. ओढला तर तो करवत होऊन आतडं चिरतो. शस्त्रक्रिया करून तीन ठिकाणी छेद घेऊन तो काढावा लागला. नंतर त्या बुजुर्गांनी तो धागा धुऊन, उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, कुठल्या साडीचा ते त्यांना ओळखू येतंय. त्या घरात आता काम संपल्यावर नऱ्या झाकणाच्या डब्यात जातात. मोहल्ल्यातल्या बाकीच्या घरांतही त्यांनीच जाऊन सांगितलं. माझ्या सांगण्याला तेवढं वजन आलं नसतं.

उन्हाळा इथला भयंकर. मे-जूनमध्ये पारा 45 च्या आसपास जातो, लू वाहते. 2003 च्या सुमाराला मोबाइलच्या जाहिरातीत तो पग दिसायला लागला आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांची हौस या शहरातही शिरली. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग निववतो. ज्याचं नाकच आखूड त्याला ते धड जमत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. 105 च्या वर गेलं की मेंदू, आतडी, मूत्रपिंडं भाजून निघायला लागतात. धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, पाय लटपटतात. अशा वेळी लोक कुत्र्याला उचलून टोटोत घालतात आणि मैदागिनच्या वाहतूककोंडीत अर्धा तास उन्हात बसतात. मी फोनवर ओरडून सांगते, आधी भिजवा, मग निघा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात उकळतं असतं, ते नको. हातपंपाचं घ्या, माठ रिकामा करा, पोट-जांघा भिजवा आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर तसाच पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता कोंडतो. पारा 103 पर्यंत उतरला की थांबा.

पुरात वेगळंच संकट. गंगेची धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे, आणि 1978 सालचा 73.901 मीटरचा पूर जुनी माणसं अजून सांगतात. गंगा चढली की वरुणा नदीचं पाणी मागे रेटलं जातं, नक्खीघाटसारख्या वस्त्यांत शिरतं, आणि पाण्याबरोबर साप घरात येतात. 2016 च्या ऑगस्टमध्ये तिथून एक राखणीचा कुत्रा नावेतून आणि मग हातगाडीवरून आला. पापण्या मिटत होत्या, लाळ गिळता येत नव्हती, भुंकण्याचा आवाज बदलला होता. नागाच्या विषाची ही खूण. पायावर कुणी तरी दोरी करकचून आवळलेली, आणि सोबत पिशवीत ठेचलेला साप. साप मारण्यात त्यांची मोलाची मिनिटं गेली होती. आपल्याकडचं विषरोधक सीरम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी एकच असतं. साप आणायची गरज नाही. आम्ही पाळीपाळीने फुगा दाबून त्याला श्वास देत राहिलो. पहाटेपर्यंत त्याची छाती आपणहून हलायला लागली.

पण लाळ गळणारा, जबडा लोंबलेला प्रत्येक कुत्रा साप चावलेला किंवा घशात हाड अडकलेला नसतो. रेबीजचा एक प्रकार असा मुका असतो; कुत्रा चवताळत नाही, नुसता खिन्न होऊन तोंड उघडं टाकून बसतो. मायाळू माणसं हाड काढायला त्याच्या तोंडात हात घालतात. मी दवाखान्यातल्या मुलांना कधीही हातमोज्याशिवाय आणि लसीकरणाची चौकशी केल्याशिवाय तोंड उघडू देत नाही. कुणाचा हात गेलाच असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायला लावते आणि तिथूनच लस घ्यायला पाठवते. यात भिडेला जागा नाही. लक्षणं सुरू झाल्यावर हा रोग माणसालाही जवळजवळ कधीच सोडत नाही.

काशीत आणखी एक प्रश्न माझ्यासमोर येतो, तो परळला कुणी विचारला नसता. इथे मेलेल्या किडामुंगीलाही मुक्ती मिळते अशी श्रद्धा आहे. आमच्याच गल्लीतल्या एका आजींचा म्हातारा पॉमेरेनियन हृदय मोठं होऊन धापत होता. त्या म्हणाल्या, "आता औषधं पुरेत गं, काशीतच आहे ना तो." मी त्यांच्या श्रद्धेबद्दल काही बोलले नाही. त्यांना एवढंच सांगितलं की तो झोपला की एक मिनिट त्याचे श्वास मोजा. तीसच्या आत असतील तर तो सुखात आहे, चाळीस झाले तर त्याच्या छातीत पाणी भरतंय आणि ते बुडण्याचं दुःख आहे, ते मला कमी करता येतं. त्या रोज माळ ओढून झाली की श्वास मोजायच्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या. त्यामुळे तो आणखी एक चातुर्मास नीट जगला. शेवटी त्यांनीच बोलावलं आणि इंजेक्शन द्या म्हणाल्या. मरण यावं, पण गुदमरून येऊ नये, हे त्यांना माझ्याआधी पटलं होतं.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि माझ्या कामाला निराळं वळण मिळालं. पशुदवाखाने उघडे ठेवायला परवानगी होती, पण लोक बाहेर पडायला धजत नव्हते. फोन वाजत राहायचा. समोर जनावर नाही, हाताला नाडी नाही. ज्याने कधी बघितलेलं नाही त्याच्याकडून बघून घ्यायचं. तेव्हा मी माझे प्रश्न छाटत छाटत चारवर आणले. श्वास कसा चाललाय, मांजर असेल तर तोंड उघडून घेतंय का? हिरडी कुठल्या रंगाची? उभं राहतंय का? शेवटची लघवी कधी झाली? ही चार उत्तरं नीट आली की आत्ता निघायचं की सकाळी यायचं हे बहुतेक वेळा ठरतं. मोठा कुत्रा ओकाऱ्या काढतोय, बाहेर काही पडत नाही आणि पोट फुगतंय, किंवा नसबंदी न झालेली कुत्री माजानंतर महिना-दोन महिन्यांत सारखी पाणी पितेय आणि मलूल आहे, असं कळलं तर पाचवा प्रश्न न विचारता बोलावते. पहिल्यात जठर पीळ खातं, दुसरीत गर्भाशयात पू भरतो. दोन्हींना रात्र काढू देणं धोक्याचं.

मला वाटायचं, घाबरलेल्या माणसाला एवढं भान राहणार नाही. राहतं. हातांना काम मिळालं की माणूस सावरतो, हे मी त्या महिन्यांत फोनवर ऐकलं. रडणारी बाई ओठ उचलायला गेली की तिचा आवाज बदलायचा.

मागल्या एका थंडीत ब्रह्माघाटाकडच्या मराठी घरातून शाळकरी मुलीचा फोन आला. "काकू, मन्या दुपारपासून सारखा ट्रेमध्ये जातोय, वाळू कोरडीच आहे. हिरड्या गुलाबी आहेत, उभा राहतोय, तोंड मिटलेलंच आहे. बाबा म्हणतायत उद्या बघू, बद्धकोष्ठ असेल. मी त्यांना बूट घालायला सांगितलंय." वडील भाजीच्या करंडीत बोका घालून चालत आले, मुलगी पुढे टॉर्च धरून. ठोके चांगले होते, मूत्राशय भरलं होतं पण अजून ताठरलं नव्हतं. नळी पहिल्या खटपटीत गेली. ती काही दिवस ठेवली, ओलं खाणं आणि घरभर पाण्याच्या वाट्या ठेवायला सांगितल्या, आणि हे पुन्हा होऊ शकतं हेही स्पष्ट सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात झालंच. या वेळी फोन वडिलांनी केला, आणि तो आला तेव्हा ते गल्लीतून अर्ध्या वाटेवर पोचले होते.